घोरपडीचे रक्त, घोड्याचे रक्त

मराठी इतिहासाने सरपटणाऱ्या प्राण्यांपैकी एकालाच मानाचे पान दिले, आणि तेही पुराव्यावाचून. १६७० साली तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला तेव्हा यशवंती नावाच्या घोरपडीने कड्यावर दोर नेला, ही कथा पोवाड्यांतून घरोघर पोचली. त्याआधी दोन शतके, बहमनी काळात, खेळणा किल्ला अशाच युक्तीने सर केला म्हणून घोरपडे हे आडनाव मिळाले, असे मुधोळकरांच्या घराण्याची परंपरा सांगते. इतिहासकारांनी यशवंतीची रवानगी दंतकथेत कधीच केली आहे, आणि ते योग्यच झाले. आम्हांला कुतूहल आहे ते निराळ्या गोष्टीचे. पोवाड्याने घोरपडीचे बळ तिच्या पंजात पाहिले. आमच्या झाडीपट्टीतल्या, आणि खरे तर भारतभरच्या, लोकसमजुतीने ते तिच्या अंगात पाहिले. तिचे मांस खाल्ले की कमरेत जोर येतो, चरबीच्या तेलाने सांधे मोकळे होतात, ताजे रक्त पोटात गेले की माणूस आजाराला दाद देत नाही: हे आम्ही आमच्या विद्यार्थ्यांकडून ऐकले आहे, त्यांनी आजोबांकडून ऐकलेले असते. शिकलेला माणूस अशा समजुतीला हसतो आणि पुढे जातो. आम्हांला मात्र वाटते की हसण्याआधी थोडे थांबावे, कारण या समजुतीतला अर्धा भाग विज्ञानाने गेल्या पंचवीस-तीस वर्षांत खरा ठरवला आहे. उरलेला अर्धा साफ खोटा आहे, आणि त्याची किंमत घोरपड आणि माणूस दोघेही मोजत आहेत.

आधी भूमीविषयी दोन शब्द. भंडारा हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. मालगुजारीच्या काळातले मामा तलाव, गावोगावच्या बोड्या, वैनगंगेचे पात्र आणि मृगापासून दिवाळीपर्यंत पाण्याने भरलेल्या बांध्या. जिथे धान तिथे उंदीर आणि बेडूक, जिथे ते तिथे साप. आणि सापाची अंडी उकरून खायला घोरपड. रोवणीला वाकलेल्या बाईचे हात चिखलात असतात, कापणीनंतर पुंजणे उपसणाऱ्याचे पाय तणसात असतात. सापाशी गाठ पडणे हा येथे अपघात नसून हंगामाचा भाग आहे. हे सान्निध्य आजचेही नव्हे. जिल्ह्याच्या दक्षिणेस, वैनगंगेकाठच्या पवनीला, १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केले तेव्हा जो प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आला, त्याच्या शिल्पांत मुचलिंद नाग आहे: वादळी पावसात ध्यानस्थ बुद्धावर फणा धरणारा. विषारी प्राणी रक्षणकर्ता होऊ शकतो, ही कल्पना या मातीत दोन हजार वर्षे तरी मुरलेली आहे.

या सान्निध्यातून एक प्रश्न उपजणे अटळ होते. साप स्वतःच्या विषाने का मरत नाही? मुंगूस सापाशी झुंजून जिवंत कसे राहते? आपल्याकडचे उत्तर सर्वांना ठाऊक आहे: मुंगसाला मुंगूसवेल ठाऊक असते, दंश झाला की ते रानात धावते, मूळ चावते आणि पुन्हा झुंजायला येते. उत्तर सुंदर आहे. त्यात एक गृहीतकही आहे, की शक्ती बाहेर आहे, वनस्पतीत आहे, आणि ज्याला ती वेल ओळखता येईल त्या माणसालाही ती मिळू शकेल. महाभारताच्या आदिपर्वात तक्षकाने जाळलेला वटवृक्ष पुन्हा उभा करणारा काश्यप ब्राह्मण याच आशेचा पुत्र. तक्षकाने त्याला धन देऊन वाटेतूनच परत पाठवले आणि परीक्षित मेला. विद्या होती, रुग्णापर्यंत पोचली नाही. हा काश्यप आम्ही वर्गात शिकवतो तेव्हा मागच्या बाकांवरही शांतता पसरते.

मुंगसाचे खरे उत्तर १९९२ मध्ये इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी दिले. नागाच्या विषातील मज्जाघातक द्रव्य स्नायूंवरच्या एका ठरावीक ग्राहक-प्रथिनाला चिकटते आणि श्वास बंद पाडते. मुंगसात त्या प्रथिनाची घडणच किंचित बदललेली आहे. कुलपाचे भोक बदलले की चोराची किल्ली बसत नाही, तसे. वेलीची गरज नाही. जे आहे ते जन्मापासून आहे, आणि म्हणूनच ते कोणाला देता येत नाही.

मराठीत यासाठी फार नेमका शब्द आहे: उपजत. शरीराच्या प्रतिकाराचे जे दोन मोठे वर्ग शास्त्र मानते त्यांपैकी पहिला हा. कोणताही रोग आधी न होता, कोणतीही लस न टोचता, जन्मतः हजर असलेला. शत्रू कोण हे बारकाईने न पाहता, 'हा आपला नव्हे' एवढ्यावर तुटून पडणारा. दुसरा वर्ग संपादित प्रतिकाराचा. तो शत्रूची ओळख पटवतो, त्याच्यापुरते प्रतिपिंड घडवतो, आणि ती ओळख वर्षानुवर्षे लक्षात ठेवतो. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर पहिली जमीन वडिलोपार्जित, दुसरी स्वकष्टार्जित. तिसरा एक प्रकार आहे, तो उसन्याचा. त्याकडे आम्ही येणारच आहोत, कारण महाराष्ट्राचा या इतिहासातला खरा वाटा त्या उसनवारीचा आहे.

सापाच्या प्रतिकाराचा प्रश्न युरोपात शास्त्रीय रीतीने प्रथम विचारला तो इटलीतील फेलिचे फोंताना याने. व्हायपरचे विष त्याच जातीला विष ठरत नाही, हे त्याने १७६७ च्या ग्रंथात नोंदवले. भारतात सर जोसेफ फेअरर यांनी कलकत्त्यात सापांवर असंख्य प्रयोग केले आणि १८७२ मध्ये भारतातील विषारी सापांवरचा आपला भव्य सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. नाग नागाच्या विषाने सहसा मरत नाही, असाच त्यांचाही अनुभव होता. सरकारला त्या काळी यात रस होता तो दुसऱ्याच अंगाने. सर्पदंशाने मेलेल्यांची आकडेवारी दरवर्षी छापली जाई आणि मारलेल्या सापांमागे बक्षीस दिले जाई. साप मारला की प्रश्न मिटला, हा राज्यकर्त्यांचा हिशेब. सापाच्या आत काय आहे हे पाहणारे थोडे.

त्या आतल्या गोष्टीचे, म्हणजे रक्ताचे, रहस्य उलगडू लागले ते १८८० च्या दशकात. १८८८ मध्ये जॉर्ज नटाल याने दाखवले की प्राण्याचे ताजे रक्त काचेच्या नळीतही जंतू मारते. आणि रक्त सुमारे ५५ अंशांपर्यंत तापवले की ही शक्ती नाहीशी होते. (हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. तो पुन्हा भेटणार आहे.) पुढे बेल्जियमच्या ज्यूल बोर्दे याने या शक्तीची फोड केली. रक्तात काही प्रथिने तयार स्थितीत वाहत असतात. जंतू दिसला की ती एकामागून एक जागी होतात आणि शेवटी त्याच्या आवरणाला भोके पाडतात. यांना आज पूरक प्रथिने म्हणतात. नाव दुय्यम वाटते, काम मुळीच दुय्यम नाही.

पण या कथेचा नायक इल्या मेचनिकोव्ह. १८८२ च्या हिवाळ्यात सिसिलीतल्या मेसिना गावी हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकापाशी एकटा बसला होता. घरची मंडळी सर्कशीतली माकडे पाहायला गेली होती. तारामाशाच्या पारदर्शक अळीत फिरत्या पेशी दिसत होत्या. त्याच्या मनात आले की या पेशी रक्षक असतील तर शरीरात काही घुसताच त्याच्याभोवती गोळा होतील. बागेतले गुलाबाचे काटे आणून त्याने अळीच्या त्वचेखाली रोवले. सकाळी पाहतो तो काट्याभोवती पेशींचा गराडा. अळीला ना मेंदू, ना रक्तवाहिन्या, ना आधीची आठवण. तरी प्रतिकार होता. उपजत प्रतिकाराचे शास्त्र त्या काट्यापासून सुरू झाले.

मेचनिकोव्ह पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आला आणि त्याने प्राणिसृष्टीच्या सगळ्या पायऱ्या पालथ्या घातल्या. त्यात सरपटणारे प्राणीही आले. १९०१ च्या त्याच्या प्रतिकारशक्तीवरील ग्रंथात मगरवर्गातल्या ॲलिगेटरांवरील प्रयोग आहेत. घोड्याला किंवा माणसाला मारून टाकणारे धनुर्वाताचे विष टोचूनही ॲलिगेटर ढिम्म. त्यांना उबदार जागी ठेवले तर त्यांच्या रक्तात त्या विषाचा प्रतिकार करणारे द्रव्यही तयार होई. गारठ्यात ठेवले तर तसे होत नसे. प्राणी मात्र दोन्ही स्थितींत जिवंतच. म्हणजे प्रतिद्रव्य असो वा नसो, प्राण्याच्या घडणीतच काही होते. थंड रक्ताच्या प्राण्याचा संपादित प्रतिकार हवामानावर अवलंबून राहतो, मंदगतीने चालतो. म्हणून त्याची मुख्य भिस्त उपजतावर. आजचे संशोधक हेच म्हणतात.

आता मुंबईकडे वळू. मेचनिकोव्ह ओडेसाच्या विद्यापीठात शिकवत असताना वाल्देमार हाफकिन हा त्याचा विद्यार्थी होता. मेचनिकोव्हमागून तोही पॅरिसला आला, पाश्चर संस्थेत सहायक ग्रंथपालाच्या नोकरीवर राहिला, आणि तिथेच त्याने पटकीची लस तयार केली. १८९३ मध्ये तो भारतात आला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला तेव्हा सरकारने त्याला पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत त्याने तीन महिन्यांत लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःच्या अंगावर तिची पहिली परीक्षा घेतली. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा थाटली गेली. १९२५ पासून तिचे नाव हाफकिन संस्था.

गुरू उपजत प्रतिकाराचा जनक, शिष्य संपादित प्रतिकाराचा शिल्पकार. या विरोधाभासाकडे आपल्याकडे फारसे कोणी पाहिलेले नाही. शिष्याला दोष देण्यासारखे त्यात काही नाही. गल्लीगल्लीत माणसे मरत असताना तारामाशाच्या अळीचा उपयोग काय? जे देता येते तेच वैद्याने द्यावे. लस देता येत होती, उपजत शक्ती देता येत नव्हती. त्यात दैवाची एक चपराकही आहे. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी हाफकिनची लस टोचलेल्या एकोणीस जणांचा मृत्यू झाला, तो प्लेगने नव्हे, धनुर्वाताने. लशीची एक कुपी दूषित झाली होती. हाफकिनला पदावरून दूर केले गेले. निर्दोषत्व मान्य व्हायला १९०७ उजाडले. ज्या विषाला गुरूचे ॲलिगेटर दाद देत नव्हते त्याच विषाने शिष्याचे आयुष्य उद्ध्वस्त केले.

याच परळच्या प्रयोगशाळेत, प्लेगच्या धामधुमीत, कॅप्टन जॉर्ज लॅम्ब नावाचा अधिकारी सापांच्या विषावर काम करत होता. पार्श्वभूमी अशी: फ्रान्समध्ये १८९४ मध्ये फिझालिक्स व बेर्त्रां आणि स्वतंत्रपणे आल्बेर काल्मेत यांनी सर्पविषावरचे प्रतिविष बनवण्याची रीत शोधली होती. प्राण्याला विषाचे अगदी थोडे, मग थोडे वाढवत वाढवत डोस द्यायचे. त्याच्या शरीराने प्रतिपिंड घडवले की त्याचे रक्त काढून त्यातला द्रव वेगळा करायचा आणि दंश झालेल्या माणसाला टोचायचा. यासाठी घोडा सोयीचा: मोठा, सोशीक, भरपूर रक्ताचा. ही ती उसनवारी. घोड्याने कष्टाने मिळवलेली प्रतिकारशक्ती माणूस काही दिवसांपुरती हातउसनी घेतो. घोड्याचे प्रतिपिंड झिजून गेले की पुन्हा पहिल्यासारखाच. काल्मेतचा दावा होता की आपले द्रव्य सगळ्याच सापांवर चालते. लॅम्बने परळला ते तपासले. नागाच्या विषावर उतारा पडला. घोणशीच्या विषापुढे तो निकामी ठरला. कारण आज सोपे वाटते: नागाचे विष नसांवर घाला घालते, घोणशीचे रक्ताच्या गोठण्यावर, एकाची ओळख पटलेले प्रतिपिंड दुसऱ्याला ओळखतच नाहीत. संपादित प्रतिकाराचे हेच सामर्थ्य आणि हीच मर्यादा: तो फार नेमका असतो.

लॅम्बच्या या निष्कर्षामुळे भारतीय प्रतिविषाची दिशा ठरली. आज आपल्या दवाखान्यांत मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांची विषे मिळून टोचलेल्या घोड्यांच्या रक्तापासून बनते. हाफकिन संस्थेने हे काम अनेक दशके केले; १९७५ मध्ये उत्पादनाची बाजू स्वतंत्र महामंडळाकडे गेली. संस्थेतील डॉ. पी. जे. देवरस यांनी १९६५ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टसाठी भारतीय सापांवर लिहिलेले इंग्रजी पुस्तक एका पिढीचे सापाशी झालेले पहिले शहाणे बोलणे होते.

इकडे उसनवारी भरभराटीला येत होती, तिकडे वडिलोपार्जित इस्टेटीकडे दुर्लक्ष होत गेले. १९०८ चे नोबेल मेचनिकोव्ह आणि प्रतिपिंडांचा कैवारी पाउल एर्लिख यांना विभागून दिले गेले, पण विसाव्या शतकाचा बहुतेक काळ एर्लिखच्या वारसांचा ठरला. लस, प्रतिविष, मग प्रतिजैविके, विजयामागून विजय. उपजत प्रतिकार पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात, पानभर. साहित्याच्या इतिहासातही असे होते. ओवी पहिल्या पानावर, बाकी ग्रंथ पंडितांचा. असो.

पुनरागमन कीटकांच्या वाटेने झाले. १९८१ मध्ये स्वीडनच्या हान्स बोमन यांच्या गटाने एका मोठ्या पतंगाच्या कोशातून जंतू मारणारे छोटे प्रथिन-तुकडे वेगळे केले. १९८७ मध्ये मायकेल झॅस्लॉफ यांना बेडकाच्या कातडीत असेच तुकडे सापडले: शस्त्रक्रियेनंतर घाणेरड्या पाण्यात सोडलेल्या बेडकांच्या जखमा चिघळत का नाहीत, या साध्या प्रश्नातून. १९९६ मध्ये ज्यूल हॉफमन यांनी फळमाशीत जंतूची चाहूल घेणारी यंत्रणा दाखवली, दोन वर्षांनी ब्रूस ब्यूटलर यांनी तिची भावंडे सस्तन प्राण्यांत दाखवली, आणि २०११ च्या नोबेलमध्ये दोघांनाही वाटा मिळाला. मेसिनाच्या काट्याला शंभरावर वर्षे उलटून गेली होती.

सरपटणाऱ्यांची पाळी याच सुमारास आली. कॅलिफोर्नियात एक गोष्ट संशोधकांना खटकत होती: गोचिडीतून पसरणारा लाइम रोग तिथे तुलनेने कमी का? १९९८ मध्ये उत्तर मिळाले. तिथल्या कुंपणावरच्या एका सामान्य सरड्याचे रक्त गोचिडीने प्याले की तिच्या पोटातले रोगजंतूच मरतात. कारण त्या रक्तातली पूरक प्रथिने. २००३ मध्ये लुइझियानाच्या मार्क मर्चंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲलिगेटरच्या रक्तद्रवाची माणसाच्या रक्तद्रवाशी तुलना केली. चाचणीला घेतलेल्या सर्व जंतूंची वाढ ॲलिगेटरच्या द्रवाने रोखली. माणसाच्या द्रवाने केवळ ३५ टक्के जंतूंची. दलदलीत एकमेकांचे पाय तोडणारे हे प्राणी सडक्या पाण्यात पडून राहतात आणि बरे होतात, हे शिकाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेलेच होते. आणि ही शक्ती ५६ अंशांवर अर्धा तास ठेवल्यास नाहीशी होते. नटालचा आकडा पुन्हा भेटला, तो असा.

आमच्या घोरपडीची गोष्ट २०१७ ची. इंडोनेशियातला कोमोडो ड्रॅगन हा घोरपडीच्याच वंशाचा, तिचा थोरला भाऊ म्हणा. कुजके मांस खाणारा आणि तोंडात नाना जंतू बाळगणारा हा प्राणी आजारी पडत नाही. व्हर्जिनियातील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याच्या थोड्याशा रक्तातून जंतुनाशक तुकडे शोधले, त्यांतल्या एकाची रचना वाचून प्रयोगशाळेत तिचा सुधारलेला नमुना बनवला, आणि तो उंदरांच्या जखमांवर लावला. प्रतिजैविकांना न जुमानणारे, जखमेवर थर धरून बसणारे जंतू हटले आणि जखम लवकर भरली. माणसासाठीचे औषध होण्यास अशा द्रव्याला अजून लांबचा रस्ता आहे. तरी झाडीपट्टीतले आजोबा म्हणत होते त्यातला अर्धा भाग, की या कुळाच्या रक्तात काही आहे, येथे खरा ठरला.

आता उरलेला अर्धा. ते 'काही' पिऊन मिळत नाही. पूरक प्रथिने आणि हे तुकडे शेवटी प्रथिनेच. पोटात गेली की डाळीतल्या प्रथिनासारखी पचतात. मांस शिजवले तर प्रश्नच मिटला: चुलीवरच्या रश्श्याचे तापमान ५६ अंशांच्या कितीतरी पुढे असते. कच्चे रक्त प्यावे तर त्याबरोबर साल्मोनेला येण्याचा धोका. सरपटणारे प्राणी हे जंतू आतड्यात सहज वागवतात, स्वतः आजारी न पडता, आणि माणसाला मात्र आडवे करतात. ज्या उपजत शक्तीची हाव धरली तिच्याच छायेत तो जंतू सुखाने राहत असतो. आणि या सगळ्या कथेतला कोमोडो ड्रॅगन मारला गेला नाही हेही पाहावे. शास्त्रज्ञांनी त्याच्याकडून रक्त नव्हे, पाठ घेतला; पाठभेद तपासून संहिता सिद्ध करावी तसा. मराठीच्या अध्यापकांना हा भेद समजायला अवघड जाऊ नये.

घोरपड मात्र मारली जाते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत, बसवले आहे. तरी तेलासाठी, मांसासाठी आणि 'हत्थाजोडी' म्हणून विकल्या जाणाऱ्या भलत्याच वस्तूसाठी तिची शिकार थांबलेली नाही. ही हत्थाजोडी दुर्मीळ वनस्पतीची मुळी म्हणून पूजेच्या दुकानांत आणि बाजारात खपली; प्रत्यक्षात ते नर घोरपडीचे सुकवलेले जननेंद्रिय. मुंगूसवेलीत प्राण्याची शक्ती वनस्पतीला दिली गेली. येथे प्राण्याचा अवयवच वनस्पती म्हणून विकला गेला. २०२० च्या साथीत 'प्रतिकारशक्ती वाढवा' अशा पाट्यांखाली काढ्यांपासून बिस्किटांपर्यंत जे काही विकले गेले त्याची मुळीही याच रानातली. प्रतिकार म्हणजे रांजण, त्यात बाहेरून ओतले की पातळी वाढते, ही ती कल्पना.

सर्पदंशात ही कल्पना सरळ जिवावर येते. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दिला. त्यांतले बहुसंख्य खेड्यांतले. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतले. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय कृती आराखडा काढून २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. आराखड्यांना आम्ही नावे ठेवत नाही. पण रात्री जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावतो तेव्हा धड दुखतही नाही, सूजही दिसत नाही. पहाटे पापण्या मिटू लागतात आणि घरचे मांत्रिकाकडे जायचे की दवाखान्यात यावर बोलत बसतात. मांत्रिकाकडे बरे झालेले लोक असतातच: बिनविषारी साप चावलेले, किंवा विषारी सापाने विष न सोडता चावलेले. त्यांची साक्ष खरी असते, निष्कर्ष चुकीचा असतो. मधल्या दोन-तीन तासांत विष आपले काम करते. प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषाला गाठते. नसेत रुतून बसलेल्याला सोडवणे त्याला जमत नाही. म्हणून घाई. दंश झालेला भाग हलू द्यायचा नाही, चिरायचे नाही, करकचून बांधायचे नाही, आणि वाहन मिळेल ते घेऊन रुग्णालय गाठायचे, एवढीच खरी घरगुती चिकित्सा. कोरड्या भुकटीच्या रूपातले प्रतिविष शीतपेटीवाचूनही टिकते. साध्या ग्रामीण रुग्णालयाच्या कपाटातही ते राहू शकते. गंभीर दंशात सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या द्याव्या लागतात, हेही नातेवाइकांना माहीत असलेले बरे. एका कुपीवर समाधान मानून घरी परतणारे असतात.

आणि लॅम्बचे काय? देशातल्या प्रतिविषासाठी लागणारे विष १९७८ मध्ये स्थापन झालेली तमिळनाडूतील इरुळा सर्पधरांची सहकारी संस्था मोठ्या प्रमाणावर पुरवत आली आहे. त्यांचे कौशल्य वादातीत. पण बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या काही वर्षांत झालेले काम दाखवते की एकाच जातीच्या सापाचे विष प्रांतोप्रांती बदलते. एका टोकाच्या नागावर किंवा घोणशीवर बनवलेला उतारा दुसऱ्या टोकाला तोकडा पडू शकतो. लॅम्बने परळला नाग आणि घोणस यांच्यात जो भेद दाखवला होता तोच आता घोणस आणि घोणस यांच्यात दिसतो आहे. वेगवेगळ्या भागांतल्या सापांचे विष गोळा करून त्यावर प्रतिविष बेतावे, अशी मागणी संशोधक करत आहेत. त्यासाठी तमिळनाडूबाहेरही सापांचे विष शास्त्रशुद्ध रीतीने काढणारी केंद्रे हवीत, प्रशिक्षित माणसे हवीत. आमच्या भागातले सर्पमित्र आज घराघरांतून साप पकडतात, बरणीत घालतात आणि रानात सोडून देतात.